भाचा म्हणतो, "मावशी, मी मालिकांत उड्या मारणार." काय सांगू?

आंब्याखालची
रविवार, रात्री ९:४०

मंडळी, एक सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझ्या ताईचा मुलगा, घरातलं नाव बाबू, वय एकोणीस. आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. बारावीनंतर आयटीआयला मोटर मेकॅनिकला घातलाय, पण पोरगा दिवसाचे तीन-चार तास जेटीवर. उड्या मारायच्या. सरळ, उलट्या, कोलांटी घेऊन. भावोजींची होडी आहे, पाण्याची भीती घरात कुणालाच नाही, म्हणून कुणी कधी हटकलं नाही.

दिवाळीनंतर शेजारच्या गावात एका मालिकेचं शूटिंग आलं. नायक होडीतून खाडीत उडी टाकतो असा प्रसंग. नायकाला पोहता येईना आणि मुंबईहून यायचा डुप्लिकेट घाटात अडकलेला. कुणीतरी बाबूचं नाव सांगितलं. त्याला नायकाचा शर्ट घातला, केसांचा टोप चढवला आणि तीनदा उडी मारून घेतली. हातावर तीन हजार रुपये आणि फाईट मास्टरांचा फोन नंबर. तो भाग लागला तेव्हा अख्खी वाडी आमच्या पडवीत. मोजून चार सेकंद, तेही पाठमोरा. आजी म्हणाली, "ह्यो आमचो बाबू न्हय. आमच्या बाबूक येवढे केस खंय?"

आता तो म्हणतो, मुंबईला जाऊन फायटर होणार. मास्टर 'ये' म्हणालेत. ताई रडते, भावोजी बोलत नाहीत, आणि दोघांनी मिळून मला मध्ये घातलंय, कारण मी "शिकलेली".

मालिकांमध्ये स्टंट करणाऱ्यांचं आयुष्य नक्की कसं असतं? पैसे किती, काम किती दिवस, पडला-मोडला तर कोण बघतं? कुणी जवळून पाहिलंय का? "स्वप्नांच्या मागे धावू द्या" छाप प्रतिसाद कृपया नकोत.

बांगडा_फ्राय
रविवार, रात्री ९:५२

पहिला! (सल्ला नाही. जागा धरून ठेवतोय.)

चाकरमानी_परळ
रविवार, रात्री १०:१५

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पाठवू नका.

माझ्या मजल्यावर एक जण या लाईनीत होता. दैनंदिन मालिकेत मारामारी रोज नसते. महिन्यातून चार-सहा दिवस काम आलं तर नशीब. मालिकेच्या धंद्यात पैसे बहुतेक नव्वद दिवसांनी हातात येतात. खोलीचं भाडं नव्वद दिवस थांबत नाही. त्यात गोरेगावला फिल्म सिटीत सकाळी सातचा कॉल आणि पोरगा राहणार नालासोपाऱ्याला, म्हणजे पहाटे चारला उठणं. हाडं शाबूत राहिली तरी लोकलमध्ये मोडतील.

आयटीआय पूर्ण करू दे. गावात चार माणसं होडीचं इंजिन दुरुस्त करणारा शोधत फिरतायत.

तिरफळ
रविवार, रात्री १०:३१

मालिकेत स्टंट असतो? मला वाटायचं एकच स्टंट असतो: सून थप्पड खाते आणि घरातली सतरा माणसं एकेक करून तीनतीनदा वळून बघतात. मानेला विमा पाहिजे तो त्यांच्या.

शिरगावचा_मास्तर
रविवार, रात्री ११:०५

तिरफळ, थपडेवर हसू नका. ललिता पवार नायिका म्हणून काम करत होत्या तेव्हा, १९४२ साली, चित्रीकरणात त्यांना एक थप्पड जरा जास्तच जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू. पुढे जन्मभर खाष्ट सासू साकारली ती त्या डोळ्यानिशी. थप्पड हाही स्टंटच आहे, आणि तो शिकावा लागतो.

आता उडीचं गणित. (सवय. शाळा सुटली तरी खडू सुटत नाही.) १५ फुटांवरून पडलं तर पाण्याशी पोचताना वेग ताशी साधारण ३४ किलोमीटर. ३० फुटांवरून ४८. वेग दुप्पट व्हायला उंची चौपट लागते, म्हणून पोरांना वाटतं "थोडं वरून मारली तर काय होतंय". पण आपटण्याचा जोर वेगाच्या वर्गावर जातो, तो उंचीबरोबरच वाढतो. आणि खरा प्रश्न पडण्याचा नाहीच, थांबण्याचा आहे. ३० फूट पडून ३ फुटांत थांबलात तर अंगावर वजनाच्या साधारण दहापट जोर. तेच फरशीवर ३ इंचांत थांबलात तर १२०पट. स्टंटवाल्यांच्या गाद्या, खोके, एअरबॅगा ही सगळी खटपट त्या ३ इंचांचे ३ फूट करण्यासाठी असते.

बाबूला माझ्यातर्फे एकच विचारा: उडी मारायच्या आधी तो पाणी किती आहे ते बघतो का? त्याचं उत्तर काय येतं ते इथे लिहा. बाकी चर्चा नंतर.

बांगडा_फ्राय
रविवार, रात्री ११:०९

सर, तुमच्या तासाला मी मागच्या बाकावर होतो. तेव्हा हे सांगितलं असतंत तर सहामाहीत पास झालो असतो.

नाखवा_वेंगुर्ला
सोमवार, सकाळी ६:४८

जाव दी गो तेका. हंय रवान काय करतलो? पारंपरिक मासेमारीचे हाल तुका म्हायत आसत. आमच्या वाडीतले पाच झिल गोव्याक, दोन दुबयत. ह्यो निदान मुंबयत आसतलो. बाय, उडी मारूची ती खाडीत मारूची की थंय मारूची, मारतलो तो मारतलोच.

सड्यावरून
सोमवार, सकाळी ९:२०

एक गोष्ट सांगते. बाबूशी थेट संबंध नाही म्हणावं तर आहेसुद्धा.

किटी ओनील. जन्म १९४६, अमेरिकेत टेक्सासमध्ये. पाच महिन्यांची असताना एकाच वेळी अनेक आजार झाले, त्या तापात ऐकू येणं कायमचं गेलं. आईने ओठ वाचायला आणि बोलायला शिकवलं. ही पोरगी वळली कशाकडे, तर उंचावरून पाण्यात सूर मारण्याकडे. १९६४च्या ऑलिंपिकची तयारी चालू होती. आधी मनगट मोडलं, मग मेंदूज्वर झाला. पुन्हा चालता येईल का अशी शंका होती. चालली. मग मोटरसायकली, मग गाड्या, आणि १९७६च्या सुमारास टीव्हीवर स्टंट. 'बायोनिक वुमन'मध्ये लिंडसे वॅग्नरच्या जागी आणि 'वंडर वुमन'मध्ये लिंडा कार्टरच्या जागी तिने कामं केली.

१९७९ साली 'वंडर वुमन'साठी तिने कॅलिफोर्नियातल्या एका बारा मजली हॉटेलच्या गच्चीवरून १२७ फूट खाली एअरबॅगवर उडी मारली. त्या वेळी तो बायकांमधला विक्रम होता. मास्तर, गणित कराल का?

त्याआधी डिसेंबर १९७६मध्ये ओरेगनच्या अल्व्हर्ड वाळवंटात तिने रॉकेटवर चालणारी तीनचाकी ताशी सरासरी ८२५ किलोमीटर वेगाने पळवली. बायकांचा जमिनीवरचा वेगविक्रम! एकूण विक्रम, म्हणजे पुरुषांचाही, मोडण्याच्या ती जवळ होती. पण करारात तिच्या वाट्याला फक्त बायकांचा विक्रम होता. एकूण विक्रम एका पुरुष स्टंटमनने करायचा असं पुरस्कर्त्यांनी आधीच ठरवलेलं. तिला गाडीतून उतरवलं. त्या पुरुषाच्या हातूनही तो झाला नाही.

शिरगावचा_मास्तर
सोमवार, सकाळी ९:४१

१२७ फूट: पावणेतीन सेकंदांपेक्षा किंचित जास्त वेळ, खाली पोचताना ताशी ९९ किलोमीटर. म्हणजे महामार्गावर सुसाट चाललेल्या एसटीच्या टपावरून उडी मारल्यासारखं, आणि वरून एअरबॅग दिसणार टपालाच्या तिकिटाएवढी. हवा बाहेर पडायला बॅगेला कडेने झडपा असतात, नाहीतर चेंडूसारखा माणूस उसळून बाहेर. आणि पडायचं ते पाठीवर.

तिरफळ
सोमवार, सकाळी १०:०२

ऐकू येत नाही तर "अ‍ॅक्शन" कसं कळायचं तिला?

सड्यावरून
सोमवार, सकाळी १०:१५

ओठ वाचून आणि हाताच्या खुणांवर. हिशोब केला तर जोखमीच्या कामात खूणच जास्त भरवशाची. आपले नाखवे होडीवर इंजिनाच्या आवाजात एकमेकांशी कसे बोलतात बघा.

ती १९८२मध्ये थांबली. सोबतचे काही स्टंटवाले कामावर मेले, म्हणून. ३६ वर्षं पुढे जगली, २०१८मध्ये साउथ डकोटात वारली. तिचा विक्रम मोडायचा प्रयत्न करताना २०१९मध्ये जेसी कोम्ब्स त्याच वाळवंटात अपघातात गेली. विक्रम मोडला, तिच्या माघारी गिनिसने तो मान्य केला.

चाकरमानी_परळ
सोमवार, सकाळी १०:४०

हेच सांगतोय. विक्रम माघारी मान्य होतो.

घाटमाथ्यावरून
सोमवार, सकाळी ११:२८

परदेशी उदाहरणं छान, पण आपल्याकडच्या रेश्मा पठाण विसरू नका. 'शोले'त (१९७५) टांगा पळवणारी बसंती बऱ्याच ठिकाणी हेमा मालिनी नाही, रेश्मा पठाण आहेत. टांगा उलटला तेव्हा त्या जखमी झाल्या, बऱ्या झाल्यावर परत कामावर. त्यांच्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं नायिकेच्या जागी पुरुषाला साडी नेसवून, टोप घालून पाडायचे. अजूनही पाडतात म्हणे.

(अवांतर: कोकणात याचं नवल वाटायला नको. दशावतारात स्त्रीपार्टी करणारे पुरुष रात्रभर पदर सावरत युद्ध करतात.)

नाखवा_वेंगुर्ला
सोमवार, दुपारी १२:१०

आमच्या गावच्या जत्रेक राक्षसपार्टीन अशी उडी घेतलेली की पेटीवाल्याच्या मांडयेर जावन बसलो. पेटी फुटली. पेटीवालो थांबाक नाय, उरलेल्या सुरांत धयकालो होयसर वाजवत ऱ्हवलो.

खोके_बांधणारा
सोमवार, दुपारी ३:३५

हा धागा मला मुलीने पाठवला. मी इथे फक्त वाचतो, आज लिहितोय. टायपिंग चुकलं तर समजून घ्या.

मी वेंगुर्ल्याचा. १९९१ला मुंबईत आलो, २०१२ला परत आलो. मधली एकवीस वर्षं फायटर. शाळेत मल्लखांब होता, त्या जोरावर. असोसिएशनचं कार्ड असल्याशिवाय कुणी उभं करत नाही. आमच्या वेळी कार्डासाठी उड्या, पोहणं, मारामारीची चाचणी झाली. पौराणिक मालिकांचे दिवस होते. राक्षसांच्या सैन्यात मी इतक्या वेळा मेलोय की एकदा देवांनी एका आठवड्यात तीनदा मारला, तिन्ही वेळा वेगळ्या मिशा.

पैशाचं: शिफ्टचे ठरलेले मिळायचे, त्यावर काम किती जोखमीचं त्याप्रमाणे मास्टर वेगळे लावायचे. उंचावरून पडणं, आगीचं, काचेतून जाणं, घोड्यावरून पडणं, प्रत्येकाचा भाव निराळा. परळकर म्हणतात ते नव्वद दिवसांचं खरं आहे. पण चांगल्या मास्टरच्या हाताखालचा पोरगा उपाशी राहत नाही, हेही खरं. मास्टर म्हणजे इथे बाप.

सुरुवातीची दोन वर्षं मी पडलोच नाही. खोके बांधले. बहुतेकांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो. एअरबॅग महाग, ती रोजच्या मालिकेला कुठून येणार? किराणा दुकानातून, टीव्हीच्या दुकानातून पुठ्ठ्याचे रिकामे खोके आणायचे. प्रत्येकाच्या कोपऱ्यांना चीर द्यायची, म्हणजे माणूस पडला की हवा निघून जाते आणि खोका सावकाश बसतो. चीर दिली नाही तर खोका फुग्यासारखा उसळतो. मग थरावर थर. खालच्या दोन खोक्यांच्या फटीवर वरचा खोका, चिऱ्याची भिंत बांधतात तसा. वर गाद्या, वर ताडपत्री, आणि सगळ्याला भोवतीने दोर, नाहीतर माणूस पडताच खोके चहूकडे पांगतात आणि तो मधून जमिनीवर.

बांधून झालं की पडणारा माणूस स्वतः येऊन प्रत्येक खोका तळहाताने दाबून बघतो. मीही बघायचो. एकदा असाच दाबत होतो आणि आतून 'किण्' आवाज आला. उघडलं तर चहाचे काचेचे दोन डझन ग्लास. स्पॉटबॉयने ठेवलेले, त्याला काय ठाऊक. त्याला ओरडलो नाही. पुढे सहा महिने मात्र मला चहा स्टीलच्या पेल्यात मिळाला.

आणि गुडघ्याचं. नायिका जिन्यावरून गडगडते असा सीन. साडी नेसून मी. साडीखाली कोपरांना, गुडघ्यांना, कमरेला पॅड. कॅमेऱ्यात डाव्या गुडघ्याचा पॅड फुगीर दिसत होता. कुणीतरी म्हणालं, एकच काढ ना, एकच टेक आहे. संध्याकाळचे सात, सगळ्यांना घरी जायचं. मी काढला. अकरावी पायरी. अजून आठवते, कारण मोजत होतो. लिगामेंट गेलं. निम्मा खर्च निर्मात्यांनी दिला, निम्मा आमच्या पोरांनी वर्गणी काढून. कंपनीचं नाव घेत नाही, आता ती नाहीच. पण पॅड मीच काढला होता. मला कुणी धरून काढायला लावला नव्हता.

मास्तर सर, तुमचा प्रश्न बरोबर आहे. पाणी बघतो का. उत्तराची मीपण वाट बघतोय.

बांगडा_फ्राय
सोमवार, दुपारी ३:५०

काका, साष्टांग नमस्कार. एक शंका: किती खोके लागतात? पन्नास?

तिरफळ
सोमवार, दुपारी ३:५२

पन्नास खोके... पुढचं मी म्हणत नाही.

संपादक_मंडळ
सोमवार, दुपारी ४:३०

राजकारण नको. हे शेवटचं सांगणं.

खोके_बांधणारा
सोमवार, दुपारी ४:४५

पंधरा-वीस फुटांसाठी पन्नास पुरतात. खरंच.

वकीलबाई_रत्नागिरी
सोमवार, रात्री ८:२०

मूळ धाग्यातला "पडला-मोडला तर कोण बघतं" हा प्रश्न कुणी घेतलाच नाही, म्हणून लिहिते.

सिनेकामगारांसाठी १९८१चा केंद्राचा कायदा होता, त्यात लेखी करार बंधनकारक होता. कागदावर. मालिकांचा पसारा वाढला तो नंतर. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात दृक्-श्राव्य माध्यमांतले कामगार स्पष्ट आलेत, आणि सरकारने त्यात डबिंग कलाकारांबरोबर स्टंट करणाऱ्यांचंही नाव घेतलंय. नेमणूकपत्र हवं, जादा काम संमतीने आणि दुप्पट दराने. अंमल कसा होतो ते बघू, पण बाबूने पहिल्या दिवसापासून कागद मागायची सवय लावावी. "मास्टर म्हणजे बाप" हे हृद्य आहे, पण बापाच्या सहीवर विम्याचा दावा होत नाही. विम्यासाठी अक्षय कुमारने २०१७मध्ये पुढाकार घेतला तेव्हा त्याची बातमी झाली, यातच त्याआधी काय होतं ते कळतं.

आणि एक विरोधाभास. आपलं सरकार दहीहंडीच्या गोविंदांचा विमा काढतं, मृत्यू आला तर १० लाख. वर्षातून एक दिवस थर लावणाऱ्याला ते मिळतं. रोज पडणाऱ्याला तसं काही नाही.

खोके_बांधणारा
सोमवार, रात्री ९:१०

बाई, बरोबर बोललात. आम्ही कागद मागितला नाही. मागितला तर पुढचा कॉल येणार नाही ही भीती.

चाकरमानी_परळ
सोमवार, रात्री ९:३३

आणि ती भीती आज गेलीय असं वाटतं का? शिवाय आता चेहरा बदलायचं तंत्रज्ञान आलं, सगळं संगणकावर. दहा वर्षांनी डुप्लिकेट लागणार तरी का?

घाटमाथ्यावरून
सोमवार, रात्री १०:०५

चेहरा बदलता येतो म्हणूनच शरीर लागणार. पूर्वी डुप्लिकेट पाठमोरा ठेवायला लागायचा, आता समोरून घेऊन वर नायकाचा चेहरा चिकटवतात. पडणारा कुणीतरी लागतोच.

कौतुकाचं म्हणाल तर आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारांत अ‍ॅक्शन दिग्दर्शनाचं पारितोषिक ६५व्या पुरस्कारांपासून, म्हणजे २०१७च्या चित्रपटांपासून सुरू झालं. अमेरिकेत टीव्हीच्या एमी पुरस्कारांत स्टंट संयोजनाला २००२पासून आहे, आणि प्रत्यक्ष स्टंट करणाऱ्यांना थेट २०२१मध्ये. ऑस्करने तर २०२५मध्ये जाहीर केलं की २०२७च्या चित्रपटांपासून देऊ. म्हणजे टीव्हीने सिनेमाला पाव शतकाने मागे टाकलं.

तिरफळ
सोमवार, रात्री १०:११

सतरा जणांनी वळून बघायच्या प्रकाराला अजून एमी नाही. अन्याय.

नाखवा_वेंगुर्ला
मंगळवार, सकाळी ६:३०

आमचो खोकेवालो खंयच्या वाडीचो? माका वाटता मी वळखतंय. मल्लखांबावरसून पडान दात पाडलेलो तो न्हय ना?

खोके_बांधणारा
मंगळवार, सकाळी ७:०५

दोन दात. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

आंब्याखालची
शनिवार, रात्री ८:५०

उशीर झाला, मंडळी. मध्ये कलमांवर फवारणी होती, आणि हे उत्तर फोनवर विचारण्यासारखं नव्हतं म्हणून गावी जाऊन आले.

मास्तर सर, तुमचा प्रश्न विचारला. बाबू काही बोलला नाही, आत गेला आणि वही घेऊन आला. आयटीआयची जर्नल, मागची पानं उलटी धरून लिहिलेली. रकाने पाडलेत: तिथी, भरतीची वेळ, जेटीच्या तिसऱ्या खांबापाशी पाणी किती. वावांत लिहिलंय, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या मापात! आजोबांनी शिकवलेला हिशोब, तिथीला पाऊण गुणायचं की भरतीचा ढोबळ तास मिळतो. पुढे त्याने स्वतः बघितलेली वेळ आणि दोघांतला फरक. आठ महिन्यांचं आहे. सुंभाच्या दोरीला गाठी मारून टोकाला शिसं बांधलंय, उडीच्या आधी ती सोडून बघतो. खांबावर कालवं कुठवर धरलीत त्यावरही एक खूण आहे. काही ओळींपुढे फुली. विचारलं, फुली म्हणजे? म्हणाला, "त्या दिवशी नाय मारली."

मला या मुलाचं हे काहीच ठाऊक नव्हतं. ताईलाही.

दुसरं. ते तीन उड्यांचं मी इथे लिहिलं ना, ते अर्धंच होतं. दिग्दर्शकाला चौथी हवी होती, उजेड जायच्या आत. बाबूने दोरी सोडली, वर घेतली आणि नाही म्हणाला. ओहोटी लागली होती. तिथे आरडाओरडा झाला, कुणीतरी म्हणालं तीन हजार देतोय, नखरे कसले. हा म्हणाला पैसे कापा. मग फाईट मास्टर स्वतः होडीतून वाकले, दोरीच्या ओल्या गाठी मोजल्या, आणि पॅकअप म्हणाले. जाताना नंबर दिला तो तेव्हा.

भावोजी हे ऐकत पडवीत बसले होते. काही बोलले नाहीत, पण दोरी हातात घेऊन एक गाठ सोडली आणि परत नीट मारली.

शिरगावचा_मास्तर
शनिवार, रात्री ९:०२

त्या वहीच्या एका पानाचा फोटो मिळेल का?

वकीलबाई_रत्नागिरी
शनिवार, रात्री ९:१५

नेमणूकपत्राचं मात्र त्याला सांगाच.

चाकरमानी_परळ
शनिवार, रात्री ९:४४

आयटीआय पूर्ण करू दे हे माझं म्हणणं कायम आहे. पण नालासोपारा रद्द. माझी परळची खोली शनिवार-रविवार रिकामी असते, चाचणीला आला तर तिथे उतरू दे. चावी खालच्या गिरणीवाल्याकडे.

खोके_बांधणारा
शनिवार, रात्री १०:२०

मास्टरांचं नाव मला व्यनि करा. ओळखीचे असतील तर मी बोलतो, नसतील तर चौकशी करतो.

आयटीआय सोडू देऊ नका. गाडी उलटवायच्या कामाला गाडी उघडता येणारा पोरगा लागतो, असे फार थोडे आहेत. मे महिन्यात सुट्टी असेल तेव्हा त्याला आठ दिवस माझ्याकडे पाठवा. पाण्यात पडणं त्याला येतंय. कोरडं पडणं वेगळं, ते गुडघ्यापासून सुरू होतं. आमच्या काजूच्या खळ्यात जागा आहे. खोके जमवावे लागतील, वेंगुर्ल्यात टीव्हीची दुकानं तीनच.

आंब्याखालची
शनिवार, रात्री १०:४१

पाठवते. आजी विचारतेय, तिथे टोप घालावा लागेल का.

बांगडा_फ्राय
शनिवार, रात्री १०:४४

काका, मे महिन्यात देवगडात खोक्यांना काय तोटा? आंब्याच्या पुठ्ठ्याच्या पेट्या चालतील?

खोके_बांधणारा
शनिवार, रात्री १०:५८

लहान पडतात, पण शिकायला चालतील. चीर पाडायला नको, भोकं आधीच असतात. रिकाम्या पाठवा.